परवानगी लागत नसल्याचा दाखला

आमच्या सोसायटीची ए विंग पिवळी आहे, सी विंग लाल आहे आणि बी विंगचं स्वयंपाकघर पिवळं, पण हॉल लाल आहे. हे रंगकामाचं वर्णन नाही. रंगकाम आमच्याकडे दर वार्षिक सभेत पुढच्या वर्षावर जातं. हे आकाशाचं वर्णन आहे.

सप्टेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारनं ड्रोनवाल्यांसाठी देशाच्या आकाशाचा नकाशा काढला. नेटवर तो कुणालाही बघता येतो. विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंत लाल, पाच ते आठ पिवळा, आणि आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांपर्यंत हिरवा. त्याच्या पलीकडे, दुसरी काही भानगड नसेल तर, चारशे फुटांपर्यंत हिरवाच. हिरव्यात ड्रोन उडवायला सरकार म्हणतं, आम्हाला विचारू नका. पिवळ्यात त्या विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल म्हणजे थेट केंद्र सरकार. पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीचं पूर्वेकडचं टोक आणि आमची वाघोली यांच्यामधलं अंतर असं बेतानं पडलं आहे की पाच किलोमीटरची रेघ आमच्या पार्किंगमधून शिरते आणि बी विंगच्या जिन्याजवळून बाहेर पडते.

ही माहिती मला असण्याचं कारण नव्हतं. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. सुखोई गेलं की वाक्य अर्ध्यावर थांबवायचं आणि ते लांब गेलं की उरलेलं बोलायचं, एवढाच माझा विमानविद्येशी संबंध. पण निवृत्तीच्या दिवशी माझ्या भाच्यानं, चिन्मयनं, मला ड्रोन भेट दिला. “मावशी, जन्मभर काउंटरच्या मागून बघितलंस, आता वरून बघ,” म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमचे हे म्हणाले, “पावती ठेवली आहेस ना रे?”

यांना पावत्यांचं वेड आहे. आमच्या घरी १९९४च्या मिक्सरची पावती आहे, मिक्सर नाही.

ड्रोन भारतीय बनावटीचा, कारण फेब्रुवारी २०२२पासून परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे. सुटे भाग चालतात. वजन २४९ ग्रॅम. हा आकडा ऐकून माझ्यातली बँकवाली लगेच जागी झाली. पॅन लागू नये म्हणून एकोणपन्नास हजार नऊशे रुपये भरणारी माणसं मी आयुष्यभर बघितली आहेत. हे प्रकरण त्याच कुळातलं. कायद्यानं ड्रोनचे वजनावर पाच वर्ग केले आहेत: अडीचशे ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, मग स्मॉल, मीडियम आणि दीडशे किलोंच्या वर लार्ज. जो जितका हलका, त्याला तितके कागद कमी. ही सीमा इतरही बऱ्याच देशांत अडीचशेवरच असल्यामुळे जगभरचे कारखाने २४९ ग्रॅमचे ड्रोन काढतात. जपानमध्ये ती पूर्वी दोनशे ग्रॅमवर होती, तर एका चिनी कंपनीनं खास जपानसाठी तोच ड्रोन १९९ ग्रॅमचा करून विकला. नियमाच्या एक ग्रॅम अलीकडे उभं राहण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे असा माझा समज होता. तो गेला.

यांचा मात्र खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास नव्हता. “बिस्किटाच्या पुड्यावरही वजन लिहिलेलं असतं,” म्हणाले. घरातला काटा कणकेचा. त्याच्यावर २४९ आणि २६० यांत फरक दिसत नाही. मग आम्ही ओळखीच्या सराफाकडे गेलो.

सराफानं काचेच्या पेटीतल्या काट्यावर मखमल पसरली. ड्रोन ठेवला. काट्यानं दोनशे अठ्ठेचाळीस पूर्णांक सत्त्याऐंशी दाखवलं. यांनी मान डोलावली. मग चिन्मयनं दिलेले पंख्यांभोवतीचे प्लॅस्टिकचे गार्ड लावून ठेवला, तर काटा अडीचशेच्या बराच पुढे गेला.

“म्हणजे सुरक्षित केला की तो वरच्या वर्गात जातो,” मी म्हटलं.

“ताई, गार्ड काढून ठेवा. सणावारी लावायचे,” सराफ म्हणाले. दुकानात पाटल्या बघणाऱ्या एक काकू इतका वेळ आमच्याकडेच बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, “घडणावळ किती पडली?”

घरी येऊन मी नियम वाचायला बसले. आता खरं सांगते, वाचताना मला भरून आलं. २५ ऑगस्ट २०२१ला जे ड्रोन नियम आले, त्यांत अर्जांचे नमुने पंचवीसवरून पाचवर आणले आणि शुल्काचे प्रकार बहात्तरवरून चारवर. बहात्तर प्रकारचं शुल्क! आमच्या बँकेनं लॉकरपासून चेकबुकापर्यंत सगळ्यावर आकार लावूनही एवढी मजल मारली नव्हती. त्याआधीची कहाणी आणखी रंगतदार आहे. मे २०१४मध्ये मुंबईत एका पिझ्झावाल्यानं ड्रोननं पिझ्झा पाठवून बघितला. पिझ्झा पोचला आणि पाठोपाठ पोलिसांची विचारणाही पोचली. त्याच ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, नोटीस काढून सर्वसामान्यांचं ड्रोन उडवणं बंदच केलं. डिसेंबर २०१८पासून नियम आले, त्यांचं ब्रीद ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’. मग जानेवारी २०२०मध्ये सरकारनं लोकांना सांगितलं, तुमच्याकडे ड्रोन असेल तर ३१ तारखेपर्यंत आपणहून कळवा. काळ्या पैशांसाठी असते तशी ही योजना. एवढ्या सगळ्यातून गेल्यावर पाच अर्ज म्हणजे मोकळं रानच. माझा तर नॅनो. त्यामुळे पायलटचं प्रमाणपत्रही नको. कायद्याचा माझ्यावर काही राग नव्हता. फक्त मी राहते ती जागा चुकीची होती.

पण कायद्याकडे जाण्याआधी सोसायटी होती.

मी कुणाला काही बोलले नव्हते. सराफाकडच्या काकू बी विंगच्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सुविचारांच्या खाली प्रश्न होता: ‘ए-५०४ मध्ये ड्रोन आला आहे हे खरे काय?’ त्याखाली अंगठे, हात जोडलेले, आणि सेक्रेटरींचं: ‘व्यवस्थापन समितीची पूर्वपरवानगी आवश्यक.’

मी उपविधी काढून बघितले. त्यांत ड्रोनचा उल्लेख नव्हता. तसं मी सेक्रेटरींना सांगितलं.

“तेच तर,” ते म्हणाले. “उल्लेख असता तर परवानगी कशाला लागली असती?”

विशेष सभा झाली. गणपतीच्या वर्गणीच्या सभेला येत नाहीत एवढी माणसं आली. सहाव्या मजल्यावरच्या वहिनींना हमी हवी होती की ड्रोन त्यांच्या बेडरूमवरून जाणार नाही. तळमजल्यावरच्या जोशींना हमी हवी होती की सहाव्या मजल्यावरून कचरा कोण टाकतं ते ड्रोन बघेल. खजिनदारांना पाण्याच्या टाकीमागच्या भेगेचा फोटो पाहिजे होता, तोही फुकट. सी विंग वेगळ्याच कारणानं चिडली होती. आपण लाल आहोत आणि ए विंग पिवळी आहे हे त्यांना त्याच सभेत कळलं, आणि आता फ्लॅटच्या किमतींत फरक पडणार का, असा मुद्दा त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतला. बी विंगच्या एकांनी विचारलं, आमच्या हॉलमध्ये मुलगा प्लॅस्टिकचं विमान उडवतो, ते चालेल का.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “ताईंना ड्रोन दीदीतून मिळालंय का?”

त्यावर बराच वेळ हशा. महिलांच्या पंधरा हजार बचत गटांना शेतीफवारणीसाठी ड्रोन देण्याची केंद्राची योजना २०२३मध्ये मंजूर झाली, ती ही नमो ड्रोन दीदी. ते ड्रोन औषधाची टाकी घेऊन उडतात, माझा एक लवंगेची डबीसुद्धा उचलणार नाही. तरी त्या दिवसापासून वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत मी ड्रोन दीदी आहे. सी विंगची पोरं ड्रोन आजी म्हणतात. लाल विंगकडून आणखी काय अपेक्षा करणार!

निर्णय पुढच्या सभेवर गेला.

दरम्यान मी पिवळ्यासाठीचा अर्ज भरायला घेतला. आपण कुठे उडवणार ते नकाशावर आखून द्यायचं. मी सोसायटीच्या कुंपणाभोवती सुबक चौकोन काढला आणि तो संपूर्ण लाल झाला. एका कोपऱ्यात सी विंग येत होती. आपली गच्ची बघायला दिल्लीची परवानगी.

“उद्या कपडे वाळत घालायला राज्यपाल लागतील,” हे म्हणाले.

मी चौकोन लहान करत करत ए विंगच्या गच्चीएवढा केला. तो पिवळा राहिला. उंची लिहिली, दिवस लिहिला, वेळ लिहिली. उद्देशापाशी अडले. कर्ज मागायला आलेल्या माणसाला मी कायम विचारायची, कशासाठी हवं आहे? आणि ‘असंच’ म्हणणाऱ्याचा अर्ज बाजूला ठेवायची. आता मला वरून आपलं घर बघायचं होतं. ते असंच होतं. शेवटी यांनी सुचवलं, ‘पाण्याच्या टाकीची पाहणी’ लिही, खजिनदारांचंही काम होईल.

पाठवण्याआधी सी विंगच्या वॉरंट ऑफिसरांना दाखवावं म्हटलं. हवाई दलातून निवृत्त झालेले गृहस्थ. लोहगावचं आकाश हवाई दलाचं, नागरी विमानं तिथे पाहुणी, त्यामुळे त्यांच्याहून जाणकार कोण असणार? त्यांनी अर्ज वाचला नाही. चष्मा लावला आणि म्हणाले, “चला वहिनी, वर.”

गच्चीवर आम्ही उभे राहिलो. पूर्वेकडून एक प्रवासी विमान आलं. चाकं बाहेर काढलेली, पोटावरचे दिवे लागलेले. आमच्या जवळजवळ डोक्यावरून, वाळत घातलेल्या चादरींवर सावली टाकत ते लोहगावकडे उतरत गेलं. इतक्या वर्षांत मी त्याचा आवाज ऐकला होता. त्याच्याकडे असं मान वर करून बघितलं नव्हतं. पाठोपाठ सुखोई उठलं. वॉरंट ऑफिसर काहीतरी सांगत होते, त्यांचे ओठ हलताना दिसले. आवाज ओसरल्यावर वाक्य पुढे आलं: “…अडतीस टनांच्या वर, पूर्ण भरलेलं असलं तर. हे मॉडेल २००२मध्ये पहिल्यांदा इथेच आलं.”

“आणि माझा अडीचशे ग्रॅमही नाही,” मी म्हटलं. “पक्षी नाही का धडकत?”

“पक्षी मऊ असतो. तुमच्या ड्रोनमध्ये मोटार आहे, लिथियमची बॅटरी आहे.” मग त्यांनी लॉस एंजेलिसची गोष्ट सांगितली. जानेवारी २०२५मध्ये तिथे वणवा पेटला असताना एका हौशी माणसानं बघायला म्हणून ड्रोन उडवला. तो नजरेआड गेला आणि आग विझवणाऱ्या विमानाच्या पंखाला धडकला. पंखाला भोक पडलं, ऐन वणव्यात विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर बसलं. त्या माणसानं न्यायालयात गुन्हा कबूल केला. “त्याचाही ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतलाच होता, वहिनी.”

यांना गॅटविक माहीत होतं. जेवताना त्यांनी ते वाढलं. डिसेंबर २०१८, नाताळची गर्दी, लंडनच्या त्या विमानतळावर कुणालातरी ड्रोन दिसला. धावपट्टी बंद. सुमारे एक हजार विमानं रद्द झाली किंवा दुसरीकडे वळवली, एक लाख चाळीस हजार माणसं खोळंबली. पोलिसांनी जवळच्या गावातलं एक जोडपं धरलं, कारण नवऱ्याला ड्रोनचा छंद. त्यांचा काही संबंध नव्हता. पुढे पोलिसांना त्यांना दोन लाख पौंड द्यावे लागले. खरा गुन्हेगार आजतागायत सापडलेला नाही. ड्रोन होता की नव्हता, इथपासून शंका निघाल्या.

“दोन लाख पौंड म्हणजे किती होतात?” मी विचारलं.

“उडवू नकोस,” हे म्हणाले.

अर्ज मी पाठवला नाही. मिळालीही असती परवानगी. पण त्या विमानाचं पोट इतक्या जवळून बघितल्यावर टाकीची भेग मला तितकीशी महत्त्वाची वाटेना. पाच किलोमीटरची ती रेघ कुणी आखली असेल त्यानं नीट विचार करून आखली आहे, असं माझं मत झालं. आणि नेमकं त्याच आठवड्यात सोसायटीनं परवानगी दिली. लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, सेक्रेटरी-अध्यक्षांच्या सह्या आणि मधोमध गोल निळा शिक्का: ‘सदर सदनिकाधारकांस ड्रोन उडविण्यास संस्थेची हरकत नाही.’ खाली अटी. त्यांत दुपारी एक ते चार उडवायचं नाही, अशीही एक होती. ज्या आकाशावर सोसायटीची तसूभर सत्ता नाही, ते तिनं मला अटींसह दिलं. यांनी ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ड्रोनच्या खोक्यात पावतीशेजारी ठेवलं.

चिन्मयनं उपाय काढला. “मावशी, हिरव्यात जा ना. आजोळ हिरवं आहे.”

माझं माहेर शिरूर तालुक्यात, नगर रस्त्यानं शिक्रापूरच्या पुढे जाऊन आत. नकाशावर बघितलं तर गावावर, शेतांवर, ओढ्यावर कुठेही लाल-पिवळा डाग नाही. पोलिसांनी तात्पुरती काही बंदी घातली आहे का तेही बघितलं. मुंबईत तर ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांच्यावर असे आदेश वरचेवर निघतात. इथे काही नव्हतं. चारशे फूट, कुणाची परवानगी नको. मी भावाला फोन केला, वहिनीला म्हटलं, मासवडी कर, आणि रविवारी आम्ही निघालो.

गावात कायदा नव्हता. पण २०२४चा पावसाळा होता. म्हणजे सरून गेला होता, पण लोकांच्या मनातून गेला नव्हता. त्या वर्षी पुणे, बीड, जालना या भागांत गावोगावी बोलवा उठली होती की रात्री डोक्यावर ड्रोन फिरतात आणि चोर त्यांतून घरं हेरतात. माणसं काठ्या-बॅटऱ्या घेऊन रात्र रात्र जागली. विधिमंडळात प्रश्न गेला. माझा भाऊही तेव्हा गच्चीवर झोपायचा. वहिनी म्हणते, पहाऱ्यासाठी नाही, उकाड्यासाठी. अशा गावात मी भर अंगणात खोकं उघडलं आणि चार पंखे लावले.

पाच मिनिटांत अंगण भरलं. मला लहानपणापासून ओळखणारी माणसं, पण माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

“बिबट्या हुडकायला आनलंय का, आक्का?” एकानं आशेनं विचारलं. आमच्या भागात बिबट्याची दहशत मोठी आहे आणि वन खातं त्याला शोधायला रात्री दिसणारे ड्रोन वापरतं, हे सगळ्यांना माहीत. मी म्हटलं, याला रात्री दिसत नाही. तो माणूस निराश होऊन बाजेवर बसला.

मग पोलीस पाटील आले. माझ्या वर्गातला, चौथीत माझ्या वहीतून गणितं उतरवायचा. आता मिशा आल्या आहेत आणि त्यांच्या मागे अधिकार.

“आक्का, परवानगी हाय का ह्याची?”

“लागत नाही रे. हा हिरवा पट्टा आहे. नकाशात बघ.” मी मोबाइल पुढे केला. त्यानं नकाशा बघितला, मोठा केला, स्वतःचं घर शोधलं, विहीर शोधली, मग परत दिला.

“बरं. लागत न्हाई. तर मग तसं लिवलेलं दाव.”

“काय लिहिलेलं?”

“परवानगी लागत न्हाई म्हनून. उद्या वरनं कुनी इचारलं तर म्या काय दावू?”

मी हसणार होते, पण मला हसता येईना. जन्मभर मी लोकांना हेच सांगत आले होते. कर्ज फिटलं म्हणता? मग फिटल्याचा दाखला आणा. जिवंत आहात? उत्तम, पण हयातीचा दाखला नोव्हेंबर संपायच्या आत द्या. समोर उभ्या असलेल्या, खोकणाऱ्या माणसाकडून मी तो कागद घेतलेला आहे. पाटलाचा प्रश्न माझ्या धंद्यातला होता आणि बिनतोड होता.

सरपंचबाईंच्या घरी ग्रामसेवक जेवायला आले होते, त्यांना हात धुवायला लावून बोलावलं. सज्जन माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “आमच्याकडे रहिवासाचा दाखला मिळतो,” ते म्हणाले. “जन्माचा, मृत्यूचा, विवाहाचा. थकबाकी नसल्याचा. शौचालय असल्याचा. लागत नसल्याचा नमुना नाही, ताई.”

“मग ना हरकत द्या.”

“आमची हरकत असायला तो विषय आमचा पाहिजे ना. आकाश ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नमुना आठला नाही.”

इतका स्पष्ट माणूस मला सबंध प्रकरणात भेटला नव्हता. मी स्वयंघोषणापत्राची वाट धरली: मी, अमुक, वय इतके, याद्वारे घोषित करते की मला परवानगी लागत नाही. पाटलानं तेही वाचलं. “ही तुझी सही. तूच म्हनती लागत न्हाई. चोर बी म्हनंल.” अंगणात माना हलल्या. मासवडीचा वास यायला लागला होता. भाऊ चुळबुळ करत होता. त्याला वाटत होतं की बहिणीची बाजू घ्यावी आणि पाटलाशीही बिघडू नये, कारण पाटलाच्या मोटारीवरून त्याच्या उसाला पाणी येतं.

इतका वेळ हे कट्ट्यावर बसून सगळं ऐकत होते. जावयानं सासुरवाडीत बोलू नये, हा त्यांचा लग्नापासूनचा नियम. पण आता उठले, खोक्याच्या तळातून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि आतला कागद पाटलाच्या हातात दिला.

पाटलानं घडी उलगडली. लेटरहेड. जावक क्रमांक. दोन सह्या. गोल निळा शिक्का. त्यानं शिक्क्यावरून अंगठा फिरवला. ‘ड्रोन उडविण्यास हरकत नाही,’ एवढं मोठ्यानं वाचलं. संस्था कुठली, आकाश कुठलं, यात तो पडला नाही. खाली अटी होत्या, त्याही त्यानं वाचल्या आणि हातातल्या घड्याळाकडे बघितलं.

“एक वाजायला आलाय. एक ते चार बंद हाय म्हनं. आधी जेवून घेऊ,” तो म्हणाला. आणि यांच्याकडे वळून, “दाजी, आधीच न्हाई का दावायचं?”

चार वाजले तेव्हा अंगणात ताडपत्री अंथरली होती आणि शेजारच्या वस्तीवरची माणसंही आली होती. ड्रोन उठला. मी उठवला, असं म्हणायला हवं, पण खरं तर मी फक्त अंगठा वर ढकलला आणि तो निघाला. कौलं, मग पिंपळ, मग सगळं गाव मोबाइलच्या पडद्यात मावलं. मी माझी शाळा शोधत होते. ते कुणी होऊ दिलं नाही. प्रत्येकाला आपलं घर बघायचं होतं. आमचा गोठा दाव, आमचं शेततळं दाव, त्या सोलरच्या पलीकडं घे, आमची म्हातारी खळ्यात बसली असंल. म्हातारी दिसली. तिनं वर बघून पदर सारखा केला, तर अंगणात टाळ्या.

मग कुणीतरी म्हणालं, “आक्का, जरा ओढ्याकडं ने.”

मी नेला. वरून शेतं किती नीट दिसतात! हिरव्याचे तुकडे, मध्ये मातीच्या सरळ रेघा. एकच रेघ सरळ नव्हती. ओढ्याजवळ ती चांगली पोटातून वाकून शेजारच्या रानात शिरली होती.

अंगण एकदम गप्प झालं.

“तो बांध कुनाचा?” एक म्हातारे म्हणाले. ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाटलाच्या चुलत्याचा. चुलते ताडपत्रीवरच बसले होते. शेजारचं रान ज्यांचं ते त्यांच्या पाठीमागे उभे होते. दोघांचा गेल्या दिवाळीपासून तहसीलला दावा चालू आहे आणि मोजणीची तारीख मिळता मिळत नाही.

“आक्का, ह्याचा फोटो निघतो का?” मागच्यांनी विचारलं.

“आक्का, ते पुसता येतं का?” चुलत्यांनी विचारलं.

मी दोघांनाही म्हटलं, बॅटरी संपली. ती तेवढी संपली नव्हती, पण मी ड्रोन खाली घेतला, पंखे काढले आणि खोकं बंद केलं. यांनी न बोलता सोसायटीचं पत्र घडी करून पिशवीत घातलं. पाटील मला गाडीपर्यंत सोडायला आला. दार लावता लावता त्यानं हळूच विचारलं, त्या पत्रात आणखी एखादी अट घालता येईल का, की बांधावरून न्यायचं नाही म्हणून. मी म्हटलं, समितीसमोर ठेवते.

पंचमीला वहिनीचा फोन आला. माहेरी ये, चार दिवस राहा, झोका बांधलाय. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, “पाटलांनी निरोप दिलाय. आक्काला म्हणावं अवश्य या, दाजींनाही आणा. फक्त ते घरी ठेवून या.”